निळा नळ, पिवळा नळ

आमचा नारळाचा तोप कुंभकोणमजवळ इन्नंबूरच्या वाटेवर आहे. बागेला आम्ही तोपच म्हणतो. शब्द तमिळ आहे, पण आमच्या घरच्या मराठीत असे पुष्कळ शब्द येऊन बसले आणि ते कधी आले हे कुणालाच आठवत नाही. यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी या तोपात गाडीतच राहणाऱ्या प्रवाशांसाठी तीन जागा केल्या. हल्ली असे लोक पुष्कळ येतात. मोठी व्हॅन, आत पलंग, ओटा, न्हाणी, सगळं. देवळं बघायला येतात, दोन-तीन दिवस राहतात, जातात. त्यांना सावली लागते, वीज लागते, पण सगळ्यात आधी पाणी लागतं. चांगलं भरून घ्यायला आणि वापरलेलं सोडायला. ही दोन कामं जिथे नीट होतात तिथेच गाडी थांबते, असं यजमान एकदा म्हणाले होते. एकदाच. ते फार बोलत नाहीत.

व्यवस्था सगळी त्यांनी स्वतः केली होती. सासऱ्यांच्या वेळची विहीर आहे, तिचं पाणी गोड. विहिरीवरचा पंप चालू केला की ते निळ्या नळाला येतं. ते पिण्याचं, गाडीच्या टाकीत भरायचं. शेजारी पिवळा नळ, तो बोअरचा. बोअरच्या पाण्यात लोह आहे. नळातून पडताना ते काचेसारखं दिसतं, पण दोन-तीन तास ठेवलं की तांबूस होतं आणि त्याला खिळे उकळल्यासारखा वास येतो. ते गाड्या धुवायला, झाडांना. गाडीतलं भांडी घासल्याचं, आंघोळीचं पाणी एका जाड नळीने खडीच्या खड्ड्यात सोडायचं, तिथून कर्दळींच्या वाफ्यात, तिथून केळींना. संडासाची पेटी वेगळी. ती गाडीतून ओढून काढायची, चाकांवर ढकलत मागे न्यायची आणि सेप्टिक टाकीच्या झाकणातून रिकामी करायची.

हे सगळं मला माहीत होतं, कारण रोज झाडून-धुऊन ते मीच ठेवत असे. पण ते मला कुणी सांगितलं नव्हतं. बघून बघून कळलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मी लिहिते ती मराठी पुस्तकांतून शिकलेली. बोलतो ती वेगळी, तंजावरची, जुन्या वळणाची, आणि तीही घरातच. उंबरा ओलांडला की आम्ही दोघंही तमिळ. सासूबाई गेल्या, मुलगा चेन्नईला, सून तमिळ घरातली. त्यामुळे यजमानांची मराठी ऐकणारी या जगात मी एकटीच उरले होते. “कॉफी जाहली?” “दार लावलेंस?” एवढीच ती मराठी होती हे खरं. पण माझी होती.

पंगुनीचे, म्हणजे फाल्गुन-चैत्राचे, दिवस होते, ऊन चढायला लागलं होतं. दुपारी चारच्या सुमारास एक जुनी पांढरी व्हॅन फाटकातून आत आली. चालवणारी बाई होती. एकटीच. पन्नाशी ओलांडलेली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, केस अगदी बारीक कापलेले, पायात कापडी बूट. गाडीवर महाराष्ट्राचा नंबर. उतरली आणि यजमानांशी हिंदीत बोलू लागली. त्यांना हिंदी येत नाही.

ते म्हणाले, “मराठी बोला. आम्ही मराठीच.”

मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. माझा हात थांबला. तोपात उभं राहून, परक्या माणसाशी ते मराठी बोलले होते.

पाहुणी कोल्हापूरकडची. आयटीआयमध्ये मुलांना नळकाम शिकवायची. नोकरी सोडून तिने ही गाडी स्वतःच्या हातांनी बांधली होती, टाकी, पंप, नळ्या, सगळं. नवरा सोबत नव्हता. कधी होता की नव्हताच, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गोविंदपुरमच्या विठ्ठलमंदिरातलं भजन ऐकायचं म्हणून आली होती. तीन दिवसांसाठी.

आजवर आलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न विचारला होता तो वायफायचा. ही सरळ नळांपाशी गेली. निळ्याखाली ओंजळ धरली, पाणी हुंगलं, तोंडात घेऊन खुळखुळवून थुंकलं आणि मग प्याली.

“दादा, हे विहिरीचं.”

“होय.”

“मग पिवळा बोअरचा. लोह आहे?”

“आहे.”

“जमिनीखाली किती खोल गेल्यावर सुरू होतं?”

यजमानांनी खांद्यावरचा पंचा काढला, तोंड पुसलं, पुन्हा खांद्यावर टाकला, आणि ते बोलायला लागले. वाळू कुठे लागते, चिकणमाती कुठे, कावेरीला पाणी सुटलं की विहीर कितव्या दिवशी चढते. मी तांदूळ निवडून धुतले, भात लावला, केळफूल साफ केलं. ते बोलतच होते. चौतीस वर्षांच्या संसारात एका दमात इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. आणि केळफुलाच्या चिकाने काळी झालेली माझी बोटं बघत मी मनात म्हटलं, विहिरीबद्दल एवढं आहे या माणसाकडे?

तीन दिवसांचे पाच झाले. पाचांचे सात.

ती वाईट बाई असती तर बरं झालं असतं. मी तिच्यात खोट शोधत होते. संडासाची पेटी न्यायची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम गोठ्याच्या आडोशाला उभी राहिले. बाकीच्या लोकांची त्या वेळी काय त्रेधा उडते ते मी पाहिलेलं होतं. नाक मुरडतात, सांडतात, मग मी पाणी ओतत बसते. हिने हातमोजे घातले, पेटी ढकलत नेली, तोंड खाली करून एका झटक्यात ओतली, दोन तांबे पिवळ्या नळाचं पाणी घालून हलवून पुन्हा ओतली, झाकण लावलं आणि झाकणाच्या कडाही धुतल्या. एक थेंब बाहेर नाही. मला इतका राग आला की मी गाईला उगाच ओरडले.

दिवसाला ती पंधरा लिटर पाण्यात भागवायची. भांडी आधी कागदाने पुसायची, मग वाटीभर पाण्यात धुवायची. यजमान हे मला कौतुकाने सांगायचे. मी लहानपणी कुंभकोणमच्या गल्लीत, नळाला पाणी नसलेल्या घरात वाढलेली. दोन घागरींत आठ माणसांचा दिवस काढलेला. माझं ते कौतुक कुणी केलं नव्हतं.

पण खरा घाव बसला तो खडीच्या खड्ड्यावरून.

त्या खड्ड्याला वास यायचा. भांड्यांच्या पाण्यातलं तेल खडीवर साचायचं आणि पाणी मुरायचं नाही. मी तीन वर्षं सांगत होते. “तो खड्डा घाणतो, कांहीं करा.” ते “हूं” म्हणायचे. आठव्या दिवशी संध्याकाळी पाहुणी खड्ड्यापाशी बसली, काठीने खडी उकरली आणि म्हणाली, “दादा, तेल अडवायला आधी एक पेटी हवी. पाणी खालून पुढे जाईल, तेल वर राहील, ते आठवड्याला काढून टाकायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला यजमान कुदळ घेऊन खणत होते. त्यांचा गुडघा दुखतो, तरी. जुनं प्लास्टिकचं पिंप कापलं, नळी बसवली, ती धरत होती, ते बसवत होते. मी ताक घेऊन गेले.

“वहिनी, बघा ना, आता वास बंद होईल,” ती म्हणाली.

“मी तीन वर्षें सांगत होतें,” मी म्हटलं.

यजमानांनी वर पाहिलंसुद्धा नाही. “तूं घाण येते म्हणालीस,” ते म्हणाले. “काय करायचें तें हिनें सांगितलें.”

मी ताकाचे पेले तिथेच मातीवर ठेवले आणि निघाले. पाठीमागून ती “वहिनी, थांबा की” म्हणाली. मी थांबले नाही.

त्या रात्री जेवताना मीही प्रयत्न केला, हे सांगायला लाज वाटते. म्हटलं, “तिच्या गाडीला दोन नळ्या आहेत. एक पांढरी कां?”

“ती पिण्याची.”

“आणि काळी?”

“दुसरी.” आणि त्यांनी रस्सम वाढायची खूण केली. बाहेर हेच त्यांनी अर्धा तास सांगितलं असतं. तिला त्यांची मराठी आवडायची. “दादा, तुम्ही ‘जाहलें’ म्हणता ना, ते किती गोड लागतं,” असं ती एकदा म्हणाली होती आणि यजमान चक्क लाजले होते. तेव्हापासून तिच्यासमोर ते जरा ठासून ‘जाहलें’ म्हणायचे. मला ते ऐकू येऊ नये म्हणून मी मिक्सर लावायची.

दहाव्या दिवशी दुपारी दोघं स्कूटरवर कुंभकोणमला निघाले. कसलासा जोड आणायचा होता, पेटीच्या नळीसाठी. ती मागे बसली, हातात मापाची पट्टी. निघताना यजमान मला म्हणाले, “हिची टाकी भरते आहे. भरली कीं पंप बंद कर.”

पांढरी नळी निळ्या नळाला लावलेली होती. पंप चालू होता. मी जवळ जाऊन बघितलं, टाकी निम्मी झाली होती. मी पंप बंद केला. तिथवर ठीक होतं, भरली असती तरी बंदच करायचा होता. पण मी नळी काढली, पिवळ्या नळाला लावली आणि तो सोडला.

कुणी मला विचारलं, तेव्हा डोक्यात काय होतं, तर सांगता येणार नाही. फार विचार केला नाही. एवढंच वाटलं की तिच्या त्या स्वच्छ, मोजून वापरलेल्या पाण्याला एकदा वास यावा. तिने नाक मुरडावं. त्यांनी ते बघावं. लोहाने कुणी मरत नाही हे मला माहीत होतं. टाकी भरली, मी नळ बंद केला, नळी परत निळ्याला लावली आणि घरात जाऊन कपड्यांच्या घड्या घातल्या. टाकीत बघितलं होतं मी. पाणी अगदी निर्मळ दिसत होतं.

संध्याकाळी सातच्या सुमारास पाहुणी दारात आली. हातात स्टीलचा पेला. त्यातलं पाणी चहासारखं.

“दादा, हे बघा.”

यजमानांनी पेला घेतला, वास घेतला. मला वाटलं होतं तिचा चेहरा पडेल. पडला तो त्यांचा. ते टॉर्च घेऊन विहिरीकडे गेले. पंप लावला, निळ्या नळाचं पाणी बादलीत धरलं. ते स्वच्छ होतं.

“आतां चांगलें आहे,” ते म्हणाले. “दुपारीं बिघडलें होतें. दुपारीं शेजारची मोटर चालते.”

शेजारी विड्याच्या पानांचा मळा आहे. मळेवाले वृद्ध आहेत, यजमानांचे लहानपणचे सोबती. त्यांनी दोन महिन्यांपूर्वी नवी खोल बोअर मारली होती. यजमानांनी हिशेब लावला तो असा: दुपारी तिकडचा पंप ओढतो, आपल्या विहिरीचं पाणी खाली जातं, आणि खालच्या थरातलं लोह विहिरीत शिरतं. सगळं जुळत होतं. फक्त खरं नव्हतं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. पाहुणी समोर उभी होती.

रात्रभर ते कूस बदलत होते. सकाळी उठून कुंपणापाशी गेले आणि त्या वृद्धांना तमिळमध्ये जे बोलले ते मी ओट्यावरून ऐकलं. माझ्या वडिलांची विहीर तू मारलीस, असं म्हणाले. आमचे हे कधी कुणाला एकेरीत रागावून बोललेले मला ठाऊक नाहीत. शेजाऱ्यांनी आधी समजावलं, मग त्यांचाही आवाज चढला. शेवटी ते एवढंच म्हणाले, “तुझ्या अप्पांनी ही विहीर खणली तेव्हा माझ्या अप्पांनी माती उचलली होती,” आणि वळून गेले.

दुपारी यजमानांनी चेन्नईच्या एका कुटुंबाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. आमच्याकडे पाणी चांगलं नाही, असं सांगितलं. हे वाक्य उच्चारताना त्यांना जे झालं ते मी पाहिलं. तरी गप्प राहिले. जितका उशीर झाला तितकं बोलणं अवघड होत गेलं. जो खोटं बोललाय त्यालाच हे कळेल. पाहुणी बाजारातून पाण्याचे कॅन घेऊन आली आणि एक आमच्या दारात ठेवून गेली.

त्याच्या पुढच्या सकाळी मी कॉफी घेऊन बाहेर आले तर यजमान विहिरीच्या काठावर उभे. लुंगी वर खोचलेली, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक नारळाच्या बुंध्याला. आतल्या लोखंडी पायऱ्यांपैकी खालच्या तीन गंजून गेलेल्या आहेत. वय त्रेसष्ट, आणि तो गुडघा.

“काय करतां?”

“खालीं जाऊन तळ साफ करतों. पंपाची नळी वर उचलतों.”

पाहुणी बाजूला उभी राहून त्यांना समजावत होती. “दादा, माणूस बोलवा. हे तुमचं काम नाही.”

“माझी विहीर आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी एक पाय काठावरून आत टाकला.

मी पेला खाली ठेवला नाही, तो हातातून पडला. म्हटलं, “विहिरीला कांहीं जाहलें नाहीं.”

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

“मी नळी बदलली. पिवळ्या नळाला लावली. मुद्दाम.”

यजमानांनी पाय बाहेर काढला. दोराची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. दोर गुंडाळून त्यांनी जागेवर ठेवला. मग पंचा खांद्यावरून काढून कमरेला बांधला, आमच्याकडे मोठ्यांपुढे जाताना बांधतात तसा, आणि ते शेजारच्या मळ्याकडे चालू लागले. कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. हाक मारली नाही. शेजारी वेलींत काम करत होते, त्यांनी बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली. यजमान तसेच उभे. मला ते बघवेना.

पाहुणी माझ्याकडे वळली. मला वाटलं ती समजूत घालेल. बायका घालतात.

“वहिनी, पाण्याशी असं करत नाहीत,” ती म्हणाली. “मी एकटी असते. रस्त्यात पंप बंद पडला, गाळणी बुजली, तर मला कुणी नसतं. तुमचं माझ्याशी काही होतं तर मला तोंडावर शिव्या द्यायच्या. टाकीला हात लावायचा नाही.”

मी पदर डोळ्यांना लावला.

“आता रडू नका. टाकी धुवायची आहे. या.”

ते काम दिवसभर चाललं. आधी गाडीखाली आडवं होऊन तळाची झडप उघडायची. ती घट्ट होती. तिने मला पाना दिला आणि कुठल्या बाजूला फिरवायचं ते सांगितलं. साडीचा पदर कमरेला खोचून मी गाडीखाली पडले आणि सगळं तांबडं पाणी माझ्या कोपरावरून मातीत गेलं. मग वरच्या झाकणातून हात घालून भिंती पुसल्या. मग लोहाचा थर सुटावा म्हणून लिंबूफूल विरघळवलेलं पाणी अर्ध्या टाकीत भरलं.

“आता ही हलवायला हवी,” ती म्हणाली. “खराब रस्ता कुठला?”

“पट्टीश्वरमकडे जातांना आहे एक. कालव्याच्या कडेचा.”

“बसा.”

मी तिच्या शेजारी पुढे बसले. त्या रस्त्यावर इतके खड्डे की मागे टाकीत पाणी डचमळल्याचा आवाज येत होता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं, मेंढरं बसवलेली. ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून खड्डे चुकवण्याऐवजी त्यांत गाडी घालत होती. मी आजवर या रस्त्याने नवऱ्याच्या पाठीमागे बसून किंवा बसच्या खिडकीतून गेले होते. पुढच्या काचेतून तो रस्ता कधी पाहिला नव्हता.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, “तुम्हीं इतकें काय बोलत असां त्यांच्याशीं?”

“पाणी. दुसरं काय?” ती म्हणाली. मग थोडी हसली, पण राग गेला नव्हता. “मी तुम्हालाही बोलावलं होतं. दोनदा. तुम्ही ताक ठेवून गेलात.”

“मला त्यांतलें कळत नाहीं.”

“आज झडप कुणी उघडली?”

मग ती म्हणाली, “वहिनी, खरं सांगू? दादा बोलतात ते मी ऐकते, कारण मला चार दिवसांनी निघायचं असतं. रोज ऐकायचं असतं तर मीही मिक्सर लावला असता.”

म्हणजे मिक्सर तिच्या ध्यानात आला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरीही, त्या क्षणीही, तिचे ते गिअर टाकणारे हात बघून माझ्या छातीत पुन्हा तेच दुखलं. यजमानांशी बोलते म्हणून नव्हे. उद्या सकाळी वाटेल तिथे निघून जाईल म्हणून. हे दुखणं मी तिला सांगितलं नाही. माझं मलाच ते नवीन होतं.

परत आलो, टाकी सोडली, विहिरीच्या पाण्याने दोनदा विसळली, तिसऱ्यांदा भरली. पहिला पेला तिने मला प्यायला लावला. गोड होतं.

यजमान त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर हात धुऊन ते दारात उभे राहिले आणि पाठ माझ्याकडे ठेवून म्हणाले, “विहीर गेली म्हणून दोन रात्री मला झोंप नव्हती. तूं शेजारीं होतीस.”

मी म्हटलं, “तुम्हीं मला कधीं कांहीं सांगत नाहीं.”

“तूं विचारलें नाहींस.”

“तिनें विचारलें म्हणून?”

“होय,” ते म्हणाले. “तिनें विचारलें.”

त्यांनी नाही म्हणायला हवं होतं, असं मला वाटलं. पण ते खोटं बोलत नाहीत.

चौदाव्या दिवशी ती गेली. वापरलेल्या पाण्याची टाकी खड्ड्यात सोडली, नव्या पेटीतलं तेल कसं काढायचं ते मला दाखवलं, नळ्या गुंडाळून पांढरी एका पिशवीत, काळी दुसऱ्या पिशवीत ठेवली. यजमानांना नमस्कार केला. माझा हात धरला आणि सोडला.

त्यानंतर महिनाभर यजमान नळांना कुलूप घालून किल्ली स्वतःच्या कनवटीला ठेवत होते. पंप लावायचा असला की उठून स्वतः जायचे, ताप असला तरी. मला कामाला हात लावू द्यायचे नाहीत, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. शेजारी सहा-सात आठवडे कुंपणाकडे फिरकले नाहीत. मग एकदा पानांची एक जुडी आमच्या फाटकाला अडकवलेली सापडली. यजमानांनी ती सोडवली, घरात आणली, आणि दुपारी ते तिकडे जाऊन बसले. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. मीही या वेळी विचारलं नाही, तो विषय माझा नव्हता.

बाकीचं मात्र विचारते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी संशयाने पाहिलं. कर्दळी पाणी कसं स्वच्छ करतात, असं काहीतरी होतं. अर्ध्या वाक्यात सांगून ते गप्प झाले. आठवडाभराने स्वतःहून उरलेलं अर्धं सांगितलं. खरं सांगायचं तर कंटाळवाणं आहे. अर्धा तास मुळं आणि खडी आणि चिखल. मी ऐकते. कधीकधी ऐकता ऐकता भाजी चिरते आणि एखादं वाक्य निसटतं, मग ते पुन्हा सांगतात, जरा रागाने.

ती फोन करते, रविवारी. कधी कुठल्या समुद्रकिनाऱ्याहून, कधी डोंगरातून. यजमान फोन घेऊन ओट्यावर बसतात आणि त्यांचा आवाज बदलतो. मी आत जात नाही, तिथेच बसते. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. तो गेलेला नाही. मार्गळी, म्हणजे मार्गशीर्ष, लागली की ती पुन्हा येणार आहे, चार दिवसांसाठी, असं मागच्या रविवारी कळलं. यजमानांनी मला विचारलं, “येऊं दे ना?” असं त्यांनी आजवर कुणाबद्दल विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “येऊं दे. पण गाडी चालवायला मी तिच्याकडून शिकणार आहें.”

ते म्हणाले, “या वयांत?”

“याच वयांत,” मी म्हटलं आणि उठून दिवा लावायला गेले.